‘मेमरी फुल’ दाखवतंय? फोटो पुसण्याआधी हा क्रम पाळा

साताऱ्याच्या काकूंचा फोन आला तेव्हा त्या रडवेल्या झाल्या होत्या. ‘स्टोरेज फुल’ असा संदेश दिसला म्हणून त्यांनी दुपारी चष्मा लावून, निवांत बसून गुगल फोटोजमधले चारशेएक फोटो पुसले होते. नातवाच्या बारशाचे सगळे फोटो त्यातच होते. त्यांचा हिशोब सरळ होता: फोनमधले गेले तरी गुगलवर आहेतच की. पण गुगल फोटोजमध्ये जाऊन पुसलं की फोटो फोनमधूनही जातो आणि गुगलवरूनही. बरं, ज्या संदेशामुळे हे रामायण घडलं तो फोनचा नव्हताच. जीमेलचा होता.

फोटो परत मिळाले. बॅकअप झालेला फोटो पुसला की तो ६० दिवस ट्रॅशमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या डब्यात राहतो, आणि काकूंनी सुदैवाने दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. अशा फोनांची मला आता सवय झाली आहे. दिवाळीला कोणाकडे गेलो की फराळाच्या ताटाबरोबर दोन-तीन मोबाइलही पुढ्यात येतात, आणि चूक बहुतेकांची एकच असते: जिथून संपवायचं तिथून सुरुवात केलेली असते.

खालचा क्रम अँड्रॉइड फोनसाठी आहे. कंपनीगणिक सेटिंग्जमधली नावं थोडी इकडेतिकडे असतील. नाव सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वर जो शोध असतो त्यात टाइप करा. आयफोनवाल्यांना जीमेलची पायरी तशीच्या तशी लागू आहे.

## आधी ओळखा: भरलंय ते कुठलं?

आपण तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट ‘मेमरी’ म्हणतो.

पहिली रॅम. हा कामाचा ओटा, चालू असलेली ॲप्स इथे असतात. रॅम कमी पडली तर फोन अडखळतो, ॲप बदललं की आधीचं पुन्हा पहिल्यापासून उघडतं. फोटो पुसून रॅम वाढत नाही.

दुसरं फोनचं स्टोरेज, म्हणजे ६४ किंवा १२८ जीबी जे काही विकत घेताना बघितलं होतं ते. हे घरातलं कपाट. भरलं की नवं ॲप बसत नाही, कॅमेरा फोटो घ्यायला नकार देतो, व्हॉट्सॲप व्हिडिओ उतरवत नाही.

तिसरं गुगल खात्याचं स्टोरेज. फुकटात मिळतं ते १५ जीबी, आणि ते जीमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटोज या तिघांत मिळून आहे. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. ही खोली तुमच्या फोनमध्ये नाहीच. ती भरली की जीमेलवर नव्या मेल येणं बंद होतं आणि पाठवणाऱ्याला मेल परत जाते. तुमच्याकडून पाठवताही येत नाही. फोटोंचा बॅकअपही थांबतो, आणि तोही गुपचूप.

तपासा: संदेश कोणी दिला ते बघा. जीमेल, ड्राइव्ह किंवा फोटोजमध्ये दिसला तर खातं भरलंय. सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरमधून आला तर फोन भरलाय. आणि ब्राउझरमध्ये किंवा सूचनांमध्ये ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस, लगेच साफ करा’ असं काही असेल तर काहीच भरलेलं नाही, ती लबाडी आहे. तिच्यासाठी पायरी ६.

## तयारी

रविवारची सकाळ धरा. दीड-दोन तास लागतात, आणि त्यातला निम्मा वेळ बॅकअप पूर्ण व्हायची वाट बघण्यात जातो. फोन चार्जिंगला, वायफाय चालू. घरात वायफाय नसेल तर दुसऱ्या कोणाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेण्याआधी त्याच्या डेटाचा विचार करा. दुसऱ्या दिवशी प्रवास असेल, ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख असेल किंवा बँकेचं काम असेल तर हे काम आज काढू नका.

हाताशी एक कागद घ्या आणि त्यावर चार गोष्टी उतरवा.

गुगल खात्याचा मेल पत्ता. हसू नका, अनेकांच्या फोनमध्ये दोन-तीन खाती असतात. दुकानदाराने फोन सुरू करून देताना एक, मुलाने एक, ऑफिसचं एक. फोटो नेमके कुठल्या खात्यात जातात ते फोटोज ॲपमध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर टॅप करून बघा.

त्या खात्याचा पासवर्ड आठवतो का. आठवत नसेल तर आजच बदलून घ्या. फोन अजून तुम्हाला ओळखतोय तोवर ते सोपं असतं.

खात्याशी जोडलेला रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरलात तर खातं परत मिळवायला लागणारा मोबाइल नंबर. सहा वर्षांपूर्वी बंद झालेलं सिम तिथे अजून असेल तर आधी ते बदला.

आणि ज्या ॲप्सना हात लावायचा नाही त्यांची यादी: बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप, ओटीपीचे कोड देणारं ऑथेंटिकेटर, नोट्सचं ॲप.

## पायरी १: दोन आकडे लिहून ठेवा

सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा. एकूण किती, रिकामं किती ते लिहा. खाली फोटो, व्हिडिओ, ॲप्स, सिस्टीम अशी फोड दिसते. सगळ्यात मोठा आकडा कोणाचा त्याला गोल करा. सिस्टीमची जागा आपल्याला कमी करता येत नाही, तिच्यामागे लागू नका.

मग गुगल फोटोज किंवा गुगल वन (खात्याच्या स्टोरेजचा हिशोब दाखवणारं गुगलचं ॲप) इथे जाऊन १५ पैकी किती जीबी वापरलेत आणि त्यात जीमेल किती, फोटो किती, ते लिहा.

हे आकडे कशाला? कारण एकेक करत दोनशे फोटो पुसले की खूप काम केल्यासारखं वाटतं, आणि प्रत्यक्षात जेमतेम अर्धा-एक जीबी मोकळा झालेला असतो. लग्नाचा एक लांबलचक व्हिडिओ त्याहून मोठा असतो. आकडा समोर असला की मेहनत कुठे करायची ते कळतं.

फोनचं स्टोरेज दहाएक टक्क्यांहून कमी रिकामं असेल तर फोन मंद होण्याचं ते एक खरं कारण आहे. आतल्या चिपला नवं काही लिहिण्याआधी जुने तुकडे हलवून जागा करावी लागते, आणि भरलेल्या चिपमध्ये ती हलवाहलव सारखी चालू राहते. उलट, निम्मा फोन रिकामा असूनही तो हँग होत असेल तर साफसफाईने फार फरक पडणार नाही. तुम्ही थेट पायरी ५ आणि पायरी ८ वाचा.

## पायरी २: सुरुवात गुगल खात्यापासून

इथे लोक बुचकळ्यात पडतात. फोन भरलाय आणि हा जीमेल साफ करायला सांगतोय? कारण पुढच्या पायरीत बॅकअप घ्यायचाय, आणि बॅकअप या १५ जीबीतच जाणार आहे. तिथे जागा नसेल तर बॅकअप अर्ध्यावर अडकतो, आपल्याला ‘झाला’ असं वाटतं आणि आपण फोनमधले फोटो पुसतो. काकूंच्या बारशाच्या फोटोंपेक्षा हे वाईट, कारण त्यांना निदान ट्रॅश होतं.

जीमेलमध्ये हजारो मेल असल्या तरी जागा खातात त्या मोजक्या. मजकुराची मेल चिमूटभर असते, जड असतात त्या अटॅचमेंट. म्हणून एकेक मेल वाचत पुसत बसू नका. गुगल वनच्या स्टोरेजच्या पानावर मोठ्या अटॅचमेंटच्या मेल वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात, तिथून सुरुवात करा. किंवा जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत लार्जर हा शब्द, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून इंग्रजी आकड्यात १० आणि एम असं टाइप करा. मध्ये मोकळी जागा नको. १० एमबीहून मोठ्या सगळ्या मेल समोर येतात. जीमेलवरून जास्तीत जास्त २५ एमबीची अटॅचमेंट जाते, त्यामुळे या यादीतल्या शंभर मेल गेल्या तरी एक ते अडीच जीबी सुटतात.

पुसण्याआधी कामाची अटॅचमेंट उतरवून घ्या: घराचा करार, विम्याची पॉलिसी, जुन्या नोकरीची कागदपत्रं.

थांबा: जीमेल एकाच विषयाच्या मेल एकत्र गुंफून दाखवतं. वरून एक ओळ निवडून पुसलीत की त्या गुंफणीतल्या सगळ्या मेल जातात, मधली महत्त्वाचीसुद्धा. उघडून बघा, मग पुसा.

या पायरीवर तीन चुका हमखास होतात. पहिली, पुसण्याऐवजी ‘अर्काइव्ह’ करणं. अर्काइव्ह केलेली मेल इनबॉक्समधून दिसेनाशी होते, जागा तेवढीच अडवते. दुसरी, ट्रॅश तसाच सोडणं. मेल तिथे ३० दिवस पडून राहते आणि तोवर तुमच्या १५ जीबीत मोजली जाते, म्हणून ट्रॅश हाताने रिकामा करावा लागतो. तिसरी, ‘फोनमधून पुसली, कॉम्प्युटरवर असेल’ हा समज. जीमेल एकच आहे, इथून गेली की सगळीकडून गेली.

जाहिरातींच्या मेलचा ढीग कॉम्प्युटरवरून साफ करणं सोपं. प्रमोशन्सच्या कप्प्यात सगळं निवडलं की वर ‘सिलेक्ट ऑल कॉन्व्हर्सेशन्स’ अशी ओळ येते, तिच्यावर क्लिक केलं की पानावरच्या पन्नासच नव्हे, सगळ्या निवडल्या जातात. पण त्या कप्प्यात कधीकधी विमानाचं तिकीट किंवा गॅसची पावतीही जाऊन बसते, तेव्हा एकदा नजर फिरवा. नामांकित दुकानाच्या मेल नको असतील तर ‘अनसबस्क्राइब’ करा. अनोळखी मेलमधल्या अनसबस्क्राइबच्या लिंकला मात्र हात लावू नका, ती सरळ स्पॅममध्ये ढकला.

ड्राइव्हमध्ये ‘बॅकअप्स’ नावाचा कप्पा असतो. आधीच्या फोनचा, आधीच्या नंबरचा बॅकअप तिथे धूळ खात असेल तर जाऊ द्या. चालू नंबरचा व्हॉट्सॲप बॅकअप पुसू नका.

तपासा: आकडा लगेच उतरत नाही, कधी एक दिवसही लागतो. उतरलेला दिसल्याशिवाय पुढे जायची घाई नको. इतकं करूनही १५ जीबी पुरत नसतील तर बॅकअप गुगलवर न घेता कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. फोनच्या मेमरी कार्डवर नको. फोन रिक्षात राहिला तर कार्डही त्याच्याबरोबरच जातं.

## पायरी ३: बॅकअप घ्या आणि दुसरीकडून बघा

गुगल फोटोजच्या सेटिंग्जमध्ये बॅकअप चालू आहे का ते बघा. तिथेच ‘डिव्हाइस फोल्डर्स’ उघडा. इथे अनेकांना धक्का बसतो: आपोआप वर जातं ते फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड ही फोल्डर्स आपण स्वतः चालू केल्याशिवाय जात नाहीत. भाचीच्या लग्नातले निम्मे फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवरच आलेले असतात. पण ते सगळं फोल्डर चालू केलंत तर सुप्रभाताचे गुलाबही १५ जीबीत जाऊन बसतील. मी काय करतो सांगतो: व्हॉट्सॲपवरचे हवे ते फोटो निवडून गॅलरीत ‘घरचे’ नावाच्या वेगळ्या अल्बममध्ये हलवतो आणि ते एवढंच फोल्डर चालू ठेवतो.

बॅकअपचा दर्जाही बघून घ्या. ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलेलं असेल तर १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो लहान केले जातात आणि व्हिडिओ १०८० पीवर आणला जातो. मोबाइलवर बघायला हे भरपूर झालं. पण जे फोटो मोठे छापून भिंतीवर लावायचेत ते मूळ आकारात आधी कॉम्प्युटरवर उतरवा.

आता खात्री. ‘बॅकअप पूर्ण’ असं लिहिलेलं पुरेसं नाही. घरातल्या कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या फोनवर तुमच्या खात्याने गुगल फोटोज उघडा आणि तीन फोटो शोधा: सगळ्यात जुना, मधल्या कुठल्या तरी वर्षातला, आणि कालचा. तिन्ही दिसले आणि उघडले तरच पुढे चला. त्याच फोनवर बघून उपयोग नाही, कारण तिथे फोनमधली प्रत दिसते की गुगलवरची, ते चटकन कळत नाही.

## पायरी ४: व्हॉट्सॲप

माझ्या अनुभवात सर्वात जास्त जागा इथेच सुटते, तीही कोणाला काही न गमावता.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. वर दोन ढीग दिसतात: ५ एमबीहून मोठ्या फाइल आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल. फॉरवर्डचा ढीग उघडून एकदा वरपासून खालपर्यंत बघा आणि बहुतेक सगळा उडवा. काकूंच्या फोनमध्ये एकाच आरतीचा व्हिडिओ नऊ वेगवेगळ्या ग्रुपमधून आलेला होता.

खाली चॅटची यादी असते, जड चॅट वर. पहिल्या पाचांतच तुमचा निम्मा भार सापडेल. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप आणि कोणीतरी एक उत्साही दाजी. एकेक चॅट उघडून आकारानुसार लावा आणि व्हिडिओंपासून सुरुवात करा.

थांबा: इथून पुसलेला फोटो किंवा व्हिडिओ पुन्हा टॅप केला की उतरेल, असं धरून चालू नका. जुना असेल तर पाठवणाऱ्याकडूनच परत मागवावा लागतो. मुलांचे निकाल, आधारचे फोटो, प्रिस्क्रिप्शन्स, मालमत्तेचे कागद अनेकांनी फक्त चॅटमध्येच ठेवलेले असतात. ते आधी बाहेर काढा.

साफ झालं की लगेच नळ बंद करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. ‘स्टोरेज अँड डेटा’मध्येच मीडिया आपोआप उतरवण्याची सेटिंग आहे. मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग या तिन्हींत व्हिडिओची खूण काढा. फोटो फक्त वायफायवर ठेवा. शिवाय ‘चॅट्स’मध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली की यापुढे येणारे फोटो गॅलरीत दिसणार नाहीत. ते जागा तेवढीच घेतात, फक्त गॅलरी स्वच्छ दिसते. या दोन सेटिंग्जची गल्लत फार होते.

आता चॅटचा बॅकअप. तो आधी न घेता साफसफाईनंतर घ्यायचा, म्हणजे कचऱ्याचा बॅकअप होत नाही. ‘चॅट्स’मधल्या ‘चॅट बॅकअप’मध्ये कुठलं गुगल खातं लावलंय ते कागदावर लिहा, ‘व्हिडिओसह’ची खूण काढा आणि बॅकअप घ्या. परत मिळवायला तोच नंबर आणि तेच खातं लागतं. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावून एन्क्रिप्शन चालू केलं असेल तर तो पासवर्डही लिहून कपाटात ठेवा. विसरलात तर व्हॉट्सॲपसुद्धा तो काढून देऊ शकत नाही.

टेलिग्राम वापरत असाल तर तिथला हिशोब उलटा. चॅनलवरचे सिनेमे आणि फाइल टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहतात, फोनमध्ये असते ती उतरवलेली प्रत. ‘स्टोरेज युसेज’मधून ती साफ केली तरी चॅट जात नाही. स्पर्धा परीक्षेच्या नोट्सचे चॅनल असणाऱ्यांच्या फोनमध्ये हा ढीग कित्येक जीबींचा झालेला मी पाहिलाय.

## पायरी ५: फोटो, मग ॲप्स

गुगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ असं बटण आहे. ज्यांचा बॅकअप झालाय तेवढ्याच फोटोंची फोनमधली प्रत ते काढतं, गुगलवरची राहते. काकूंना हवं होतं ते हे. त्यांनी दाबला तो कचऱ्याचा डबा. हे बटण दाबल्यावर जुने फोटो बघायला नेट लागेल, एवढं घरच्यांना सांगून ठेवा. गावाकडे रेंज नसेल तिथे फोटो दाखवायचे असतील तर एखादा अल्बम राहू द्या.

नंतर गॅलरीचा आणि फाइल्स ॲपचा ट्रॅश रिकामा करा. पुसलेलं साधारण महिनाभर तिथे राहतं आणि तोवर फोनची जागा काही सुटत नाही. ‘एवढं पुसलं तरी आकडा हलत नाही’ अशी तक्रार असते तिचं कारण बहुधा हेच.

आता ॲप्स. सेटिंग्जमध्ये ॲपवर टॅप करून स्टोरेज उघडलं की दोन बटणं शेजारी-शेजारी दिसतात, आणि यांच्यासारखी धोकादायक जोडी फोनमध्ये दुसरी नाही.

‘क्लिअर कॅशे’ने तात्पुरत्या फाइल जातात. नुकसान काही नाही, आणि पैशांशी तर याचा काहीही संबंध नाही. हे मला खरोखर दोन आजोबांना सांगावं लागलंय. पण कॅशे ॲप लवकर उघडावं म्हणूनच साठवलेला असतो. रोज उठून तो साफ केला तर फोन उलट मंद होईल. एखादं ॲप अडकलं किंवा त्याचा कॅशे जीबीत गेला असेल तरच करा.

‘क्लिअर डेटा’ किंवा काही फोनवर ‘क्लिअर स्टोरेज’ हे मात्र ॲप कोरं करतं. यूपीआयचं ॲप पुन्हा सिमवरून एसएमएस पाठवून नोंदवावं लागतं, बँकेच्या ॲपमध्ये पहिल्यापासून लॉगिन. व्हॉट्सॲप कोरं होतं, आणि बॅकअप नसेल तर तसंच राहतं. ऑथेंटिकेटरमधले कोड खात्याशी सिंक केलेले नसतील तर तेही जातात आणि मग ज्या-ज्या ठिकाणी ते लावलेत तिथे तुम्ही दाराबाहेर. कीबोर्डवर केलं तर त्याने शिकलेले तुमचे मराठी शब्द पुसले जातात. आडनावं टाइप करताना ते लगेच जाणवतं.

सहा महिन्यांत न उघडलेली ॲप्स काढून टाका. पुन्हा लागेल असं वाटत असेल तर ‘अर्काइव्ह’ करा: ॲपचा मोठा भाग जातो, तुमचा डेटा राहतो. जीमेलमधल्या अर्काइव्हने जागा सुटत नाही आणि ॲपच्या अर्काइव्हने सुटते. हे कोणी ठरवलं देव जाणे. यूट्यूब, गाण्यांची ॲप्स, मालिकांची ॲप्स यांच्या आत ‘डाउनलोड्स’ असतात, तेही बघा. गेल्या वर्षीच्या रेल्वेप्रवासासाठी उतरवलेला सिनेमा अजून तिथेच असतो.

आणि क्लीनर, बूस्टर, कूलर अशी ॲप्स असतील तर सगळ्यात आधी ती काढा. स्वतःच सतत चालू राहून, सूचना आणि जाहिराती दाखवून ती फोन मंद करतात. दुहेरी फाइल शोधायला गुगलचं स्वतःचं फाइल्स ॲप पुरतं.

सगळी उघडी ॲप्स सारखी झटकून बंद करण्याची सवयही सोडा. अँड्रॉइड ॲप्स मुद्दाम रॅममध्ये ठेवतं. तुम्ही बंद केलेलं ॲप पाच मिनिटांनी पहिल्यापासून उघडायला जास्त बॅटरी खातं. अडकलेलं एखादं बंद करायला हरकत नाही.

## पायरी ६: जाहिराती आणि खोट्या व्हायरसच्या सूचना

सूचना आली की ती पुसू नका, तिच्यावर बोट दाबून धरा. कुठल्या ॲपने पाठवली ते दिसतं. क्रोम असेल तर एखाद्या वेबसाइटला तुम्ही कधीतरी ‘अलाउ’ केलेलं आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये जाऊन अनोळखी साइट्स बंद करा. नव्वद टक्के ‘व्हायरस’ इथेच मरतात, हा माझा अंदाज.

फोनवर काहीही करत नसताना पूर्ण पडदाभर जाहिरात येत असेल तर ती चालू असतानाच रिसेंट्सचं, म्हणजे उघडी ॲप्स दाखवणारं बटण दाबा. मागे कुठलं ॲप आहे ते चित्रावरून कळतं. ते काढून टाका. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधा, तिथली त्याची परवानगी काढा, मग काढा.

थांबा: व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडू नका. लग्नपत्रिका, गाडीचं चलान, शेतकरी योजनेची यादी, बँकेचं केवायसी अशा कुठल्याही नावाने येते आणि ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या ओळखीच्याचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो. उघडलीच असेल तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन लावा.

## पायरी ७: मेल उशिरा येत असेल तर

साफसफाईनंतर अनेकजण उत्साहाच्या भरात बॅटरी सेव्हर लावतात आणि मग मुलाखतीची मेल संध्याकाळी दिसते. या क्रमाने बघा.

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये तुमच्या खात्यावर टॅप करून ‘सिंक जीमेल’ला खूण आहे का. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या गुगल खात्याचं सिंक चालू आहे का. मग जीमेल ॲपच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड’ तर नाही ना. सॅमसंगमध्ये ‘स्लीपिंग ॲप्स’च्या यादीतून जीमेल काढा, शाओमीसारख्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ बघा. शेवटी डेटा सेव्हर चालू तर नाही ना, ते बघा.

हे सगळं बरोबर असेल आणि मेल येते पण सूचना येत नाही, तर ती प्रमोशन्स किंवा अपडेट्सच्या कप्प्यात जात असेल. तिथल्या मेलची सूचना जीमेल सहसा देत नाही. ती मेल धरून प्रायमरीमध्ये हलवा.

## पायरी ८: रीस्टार्ट, पुन्हा मोजणी, आणि तरीही हळू असेल तर

फोन बंद करून चालू करा आणि कागदावर पायरी १ चे आकडे पुन्हा लिहा. काकूंच्या ६४ जीबीच्या फोनमध्ये सव्वा जीबी रिकामं होतं, काम झाल्यावर एकोणीस झालं. त्यातलं अकरा निव्वळ व्हॉट्सॲपचं.

जागा झाली तरी फोन रेंगाळत असेल तर सेफ मोड लावून बघा. बहुतेक फोनमध्ये पॉवर मेनूतल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप्स झोपलेली असतात. तिथे फोन पळत असेल तर दोष एखाद्या ॲपचा, अलीकडे टाकलेल्यांपासून एकेक काढत चला. तिथेही रडत असेल तर बॅटरी, उष्णता किंवा फोनचं वय. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात स्कूटरच्या हँडलवर मॅप चालू ठेवून चार्जिंगला लावलेला फोन मंदावणारच. तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. नुकताच मोठा अपडेट झाला असेल तर एक-दोन दिवस थांबा, मागे आवराआवर चालू असते.

फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा कोरा करणं, अगदी शेवटी, आणि तोही पायरी ३ व ४ पूर्ण असतील तरच. आधी बघून घ्या: गुगलचा पासवर्ड दुसऱ्या फोनवर टाकून चालतो का, ऑथेंटिकेटरचे कोड दुसरीकडे आहेत का, संपर्क गुगल खात्यात आहेत की नुसते फोनमध्ये, आणि सिमवर एसएमएस जाण्यापुरता रिचार्ज आहे का. हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. यूपीआय पुन्हा सुरू करायला बँकेला एसएमएस जावा लागतो, आणि रविवारी संध्याकाळी रिचार्ज करायला यूपीआय लागतं.